नंबर नसलेला गॉगल

माझा नंबर साडेतीन, वर सिलिंडर, म्हणजे आडवा नंबरही. चौथीपासून चष्मा आहे आणि चौथीपासूनच मी ढापण्या आहे. आता पन्नाशी जवळ आली. वसमतच्या एका शाळेत भूगोल शिकवतो, आणि पोरं पाठीमागे अजून तेच म्हणतात. त्याचं मला काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगत असतो. ते खोटं आहे.

सायकल सुरू झाली ती शुगरमुळे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि गल्लीतल्या मित्राने मला सायकलवर बसवलं. त्याचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान. माझ्याच वयाचा, अंगाने दणकट, एक खांदा जरा खाली टाकून चालायची सवय. सुटीच्या दिवशी आम्ही दोघं जवळा बाजारच्या रस्त्याला लागायचो. त्याचं गाव त्याच रस्त्यावर. नव्वदीला टेकलेले वडील तिथे धाकट्या भावाजवळ राहायचे. आम्ही येताना त्यांच्याकडे टेकायचो, आणि म्हातारबा दर वेळी माझ्या दंडाला हात लावून बघायचे. "मास्तर, जरा खात जावा," एवढंच म्हणायचे.

साधा चष्मा सायकलवर कामाचा नाही. घामाने तो नाकावरून घसरतो. हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की पाचट आणि धूळ बाजूने डोळ्यात शिरते. एकदा चिलट गेलं म्हणून मी रस्त्याच्या कडेला बसून लहान लेकरासारखे डोळे चोळले. मित्र पाण्याची बाटली घेऊन उभा. "नंबरचा गॉगल घे ना बाबा. काहून कंजुषी करून राहिलास? कुठं धडकलास तर वहिनी मला इचारतील."

म्हणून नांदेडला गेलो. चष्म्याचं दुकान मोठं, काचेचं. दुकानदाराने खेळाडू लावतात तसे गॉगल समोर मांडले, कानापर्यंत वळलेले. मग माझ्या नंबरचा कागद बघितला आणि त्याचा चेहरा जरा पडला. म्हणाला, एवढ्या वळणदार काचेत तुमचा नंबर बसवता येतो, पण सिलिंडर आहे, कडेने बघितलं की जमीन तिरपी वाटेल, काहींना चक्कर येते. त्यापेक्षा गॉगलच्या आत नंबरची छोटी फ्रेम अडकवू. त्याने एक तसला नमुना दाखवला. गॉगलच्या पोटात अजून एक चष्मा. मी तो लावला तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी तोंड फिरवलं. हसल्या असाव्यात.

जवळचं दिसतं आणि लांबचं दिसत नाही अशा माणसाने फ्रेम निवडणं हा प्रकारच मजेशीर आहे. नवी फ्रेम लावायची तर आपला चष्मा काढावा लागतो, आणि चष्मा काढला की आरशात आपण नसतोच, एक गव्हाळ डाग असतो. मी आरशाला नाक लावलं. मग दुकानदाराने माझे फोटो काढले, आणि मी माझा चष्मा लावून ते बघितले. निळ्या चमकत्या काचेच्या गॉगलमधला एक फोटो होता. त्यात डोळे दिसत नव्हते, नाकावरचे दोन खड्डे दिसत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा मी फोटोत बरा दिसलो.

"हा द्या," म्हणालो.

"यात नंबर बसणार नाही, सर."

"तूर्त असाच द्या. रस्ता पाठ आहे माझा."

मित्राला मी सांगितलं की नंबर टाकून घेतलाय. त्याने गॉगल हातात घेऊन उलटसुलट बघितला, डोळ्यांना लावला. "नंबर तर वाटंना यात," म्हणाला. मी म्हणालो, नव्या पद्धतीचा आहे. तो भला माणूस. त्याने मान डोलावली.

पुढच्या फेऱ्या निभावल्या. ट्रक ट्रकएवढाच दिसायचा आणि मित्र पुढे असायचा, त्याच्या पाठीवर नजर ठेवली की झालं. समोरून कोणी हात केला की मीही हात करायचो, कोण आहे ते न कळता.

मग ग्रामपंचायतीच्या निवडणुका आल्या. मित्राचा धाकटा भाऊ सरपंचपदाला उभा होता. मतमोजणीच्या दिवशी मित्र काही फिरायला येणार नव्हता, म्हणून मी एकटाच निघालो. फोन घरी चार्जिंगलाच राहिला. जवळा बाजारात चहा घेतला तेव्हा हॉटेलात निकालांचीच चर्चा चालू होती. बाहेरून एक जीप गुलाल उधळत गेली. उन्हं चांगली वर आली होती. मी गॉगल चढवला आणि परत फिरलो.

मित्राच्या गावाच्या फाट्याजवळ हलगी ऐकू आली. समोर रस्ताभर माणसं, पांढरे कपडे, आणि सगळ्यांवर गुलाबी धुरळा. सगळ्यांच्या पुढे एक माणूस, एक खांदा खाली. चेहरा दिसत नव्हता, पण तो खांदा मी हजारात ओळखला असता. मला इतका आनंद झाला की मी दोन्ही हात हँडलवरून सोडून वर केले आणि ओरडलो, "आला ना गुलाल! आता पार्टी पाहिजे, नुसत्या पेढ्यावर भागणार न्हाई!"

हलगी चालूच राहिली, पण माणसांचा आवाज थांबला. कोणीतरी येऊन माझं हँडल धरलं. हळू आवाजात, शिव्या न देता म्हणाला, "सर, मयत हाय. म्हातारबा गेले पहाटे."

आमच्या भागात पिकल्या पानाला, नातवंडं-पतवंडं बघितलेल्या माणसाला, रडत नेत नाहीत. हलगी लावतात, गुलाल उधळतात. हे मला काय माहीत नव्हतं? अशा कितीतरी मयतींना मी खांदा दिलाय. माणसांच्या मधोमध तिरडी होती, पुढच्या माणसाच्या हातात शिंकाळ्यातलं मडकं होतं, आणि ते मला दहा पावलांवरून दिसलं नाही.

मी घाईने गॉगल काढला. त्याने काय होणार? साधा चष्मा घरी होता. नुसत्या डोळ्यांनीही तेच, पांढरं आणि गुलाबी. मित्र थांबला होता, त्याचं तोंड माझ्याकडे होतं, एवढंच कळलं. तो रागावलाय, रडतोय, की त्याला काही ऐकूच गेलं नाही, ते त्या चेहऱ्यावर असणार. मला चेहरा म्हणजे एक डाग दिसत होता. मग तो पुढे चालू लागला आणि माणसं रस्ता ओलांडून मसनवट्याकडे वळली.

मीही बूट काढून मागे जायला पाहिजे होतं. पण अंगात मांड्यांना चिकटलेली अर्धी चड्डी, पोपटी जर्सी आणि हातात तो निळा गॉगल. मी सायकल फिरवली आणि घरी आलो. आजही ते आठवलं की कान तापतात. ओरडलो ते चुकून. पळालो ते कळून.

दहाव्याला गेलो तेव्हा जुना जाड चष्मा घालून गेलो. मित्राने केस उतरवले होते. माणसं येत होती, बसत होती. मी त्याच्या शेजारी बसलो आणि तोंडातल्या तोंडात म्हणालो, "नंबर नव्हता गॉगलला. मी तुला खोटं सांगितलं होतं."

"कळलं मला," तो म्हणाला. मग म्हणाला, "चहा घ्या, सर."

इतक्या वर्षांत त्याने मला सर म्हटलं नव्हतं. पण आजूबाजूला माणसं होती, म्हणून असेल, असं मी मनाला सांगितलं.

नंतर त्याच्या दुकानात दोनदा गेलो. तो नीट बोलला, घरचं विचारलं. सायकलचं काढल्यावर म्हणाला, "न्हाई जमणार आता. गुडघ्याला लई तकलीफ हाय. सायकल बंदच केली." मी त्याला गुडघ्यासाठी एक तेल सुचवलं. त्याने नाव लिहूनही घेतलं.

मी परत नांदेडला गेलो. आतल्या फ्रेमवाला गॉगल मागवला, तपकिरी काचेचा, कारण दुकानदार म्हणाला की धुळीत आणि झाडाच्या सावलीत त्यातून उठावदार दिसतं. रंग, आकार, काही बघितलं नाही. एकच विचारलं, समोरून येणारा माणूस किती लांबून ओळखू येईल. तो म्हणाला, तुमच्या रोजच्या चष्म्यातून येतो तेवढ्याच लांबून. लावल्यावर मी बेडकासारखा दिसतो. बायको म्हणाली, दिसू दे.

पहिल्याच सकाळी तो लावून एकटा निघालो. खरंच स्वच्छ दिसत होतं. हळदीच्या वावरातल्या बाया, बांधावरची पाण्याची कळशी, विजेच्या तारेवरचे वेडे राघू, सगळं सुटं सुटं. मी मनात ठरवत होतो की परतताना दुकानावर जायचं, हा गॉगल त्याच्या हातात द्यायचा, घे, बघ नंबर. त्याला हसू आलं तर बरंच.

लांबून एक सायकलवाला समोरून येत होता. पुलाच्याही पलीकडे होता, तेव्हाच मी ओळखला. केस परत वाढले होते. गुडघे व्यवस्थित वरखाली होत होते. पूल ओलांडल्यावर त्याचंही माझ्याकडे लक्ष गेलं, आणि त्याने पायडल मारणं थांबवलं. या वेळी चेहरा पूर्ण दिसला. राग नव्हता त्यावर. नको असलेला पाहुणा दारात दिसल्यावर माणसाचं जे होतं ते होतं. त्याला वाटलं असणार, मास्तरला एवढ्या लांबून कुठे दिसतंय. त्याने शांतपणे सायकल पुलाअलीकडच्या गाडीवाटेला वळवली आणि वावरात शिरला.

मी हाक मारली नाही. मला दिसलंय हे त्याला कळू नये म्हणून मी मान खाली घालून तसाच पुढे गेलो.