वसुधाताई आणि बेटावरचं खारट झालेलं पाणी

माझ्या चुकीमुळे एक गाव कित्येक आठवडे खारट पाणी पीत होतं.

हे इथे कधी लिहिलं नाही. लाज वाटायची.

आज लिहितेय, कारण तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या वसुधाताई मंगळवारी पहाटे गेल्या. मिल्टन कीन्सच्या घरीच, झोपेत.

मी नागपूरहून इंग्लंडमधल्या मेडनहेडला आले ती कोडिंगसाठी. पाण्यातलं मला ओ का ठो कळत नव्हतं.

आमच्या कंपनीकडे हिंदी महासागरातल्या एका लहानशा बेटाचं काम होतं. डोंगरात पाऊस किती झाला, ओढ्यांना पाणी किती आलं, बोअरमध्ये पातळी कुठे आहे, पाणी किती खारट आहे, हे तिथले सेन्सर पाठवायचे आणि आमची टीम इथे बसून बघायची.

वसुधाताई टीममधल्या सगळ्यात सीनियर हायड्रोलॉजिस्ट, म्हणजे पाण्याच्या अभ्यासक. लग्न होऊन पुण्याहून आलेल्या, इथे पुन्हा शिकलेल्या. ऑफिसमध्ये सगळे त्यांना नुसत्या नावाने हाक मारायचे. मला ते जमेना. पहिल्याच दिवशी तोंडातून 'ताई' निघालं आणि तेच राहिलं.

त्यांनी मला समजावलं होतं. बेटावर गोडं पाणी म्हणजे फक्त पावसाचं मुरलेलं पाणी. किनाऱ्याजवळ फार उपसा केला की जमिनीखालून समुद्र आत सरकतो आणि बोअर खारट होते.

मी मान डोलावली.

आणि पुढच्याच महिन्यात एक स्क्रिप्ट लिहिली. सेन्सरचं रीडिंग फार वर गेलं की ते खराब समजून काढून टाकायचं. सेन्सर सारखे बिघडायचेच. ग्राफ एकदम स्वच्छ दिसायला लागले. मॅनेजरने कौतुक केलं.

बेटावर मारी नावाच्या बाई होत्या. गावातल्या शाळेत स्वयंपाक करायच्या आणि रोज सकाळी आवारातल्या पाऊस मोजायच्या रेनगेजमधलं पाणी मोजून वहीत लिहायच्या. त्या वहीचे फोटो ईमेलने यायचे. मी त्यातले आकडे घ्यायचे. शेजारचा रिमार्क्सचा कॉलम मी एकदाही वाचला नाही.

ताई वाचायच्या.

एका गुरुवारी दुपारी त्या एका पानाचा प्रिंट घेऊन माझ्या डेस्कशी आल्या. पावसाच्या आकड्याशेजारी मारीबाईंनी लिहिलं होतं, शाळेतला भात मीठ न घालताही खारट लागतोय.

"या गावच्या बोअरचा ओरिजिनल डेटा उघड," ताई म्हणाल्या.

मी उघडला. खारटपणा हळूहळू चढत गेला होता. आणि माझ्या स्क्रिप्टने ते सगळे आकडे इमानेइतबारे काढून टाकले होते.

माझा व्हिसा कंपनीच्या जिवावर होता. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता दुरुस्त करते, सोमवारी नवीन रिपोर्ट पाठवू, कुणाला कळायचं नाही.

त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं.

मग म्हणाल्या, "आधी त्यांचा पंप थांबवू या. तुझं नंतर बघू."

बेटावर तेव्हा संध्याकाळ होऊन ऑफिसं बंद झाली होती. ताईंनी एकामागून एक नंबर लावत शेवटी तिथल्या इंजिनियरला त्याच्या घरी गाठलं. पंप त्याच दिवशी बंद झाला. दुसऱ्या सकाळपासून डोंगरातल्या ओढ्याचं पाणी टँकरने गावात जायला लागलं.

मग माझं.

ताईंनी सांगितलं की क्लायंटला हे मीच सांगायचं. वीकेंडभर मी रडत होते. जेवलीस का, हे विचारायला त्यांचा दोनदा फोन आला. बाकी काही बोलल्या नाहीत.

सोमवारी स्क्रीनवर बेटावरचे तिघे, टेबलाशी आमचे डायरेक्टर, शेजारी ताई. मी सगळं सांगितलं.

डायरेक्टरनी विचारलं, ही स्क्रिप्ट तपासली कुणी?

"मी," ताई म्हणाल्या. "रिव्ह्यूवर सही माझी आहे. तिला यातलं कळत नव्हतं. मला कळत होतं, तरी मी घाईत पास केलं."

खरं होतं ते. पण माझ्या लक्षातही नव्हतं, आणि त्या बोलल्या नसत्या तर कुणी खोदून काढलंही नसतं. त्यांच्या रिटायरमेंटला थोडेच महिने उरले होते. तोवर त्यांच्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

दोघींना लेखी वॉर्निंग मिळाली. ताईंनी त्यांचं पत्र पर्समध्ये टाकलं आणि मला कँटीनला घेऊन गेल्या. उरलेले सगळे महिने त्या मला रोज तासभर शिकवत होत्या. आज मी जे काही पाण्यातलं जाणते, ते त्या तासांतलं.

बोअर सावरायला दोन पावसाळे लागले. नंतर मी बेटावर गेले, तेव्हा मारीबाईंची माफी मागितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या ताटात मासळीचा आणखी एक तुकडा वाढला.

दिवाळीनंतर ताईंना भेटायला गेले. किमो थांबवली होती. मी पहिल्यांदाच नीट बोलले, की तुम्ही त्या सोमवारी बोलला नसता तर मी आज या देशात नसते, या कामात तर नसतेच.

ताई म्हणाल्या,

"अगं, घाबरले तर मीही होते. तू आधी बोललीस, म्हणून मला बोलता आलं."

मी त्यांचा हात धरून बसले.

मंगळवारी त्यांच्या मुलीचा, मीराचा फोन आला. ती इथेच जन्मलेली, मराठी जपून जपून बोलते. "आई शांत गेली. तुझा नाव ती खूप घ्यायची."

दुपारी मी मारीबाईंना फोन केला. ताई गेल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, रविवारी ताईंसाठी चर्चमध्ये प्रार्थना सांगायची आहे, त्यांचं पूर्ण नाव कसं लिहायचं?

मी एकेक अक्षर सांगत गेले. त्या लिहून घेत गेल्या.

ताई, तुमचे आभार मानायला एक भेट पुरली नाही.

शांतपणे जा. मनापासून नमस्कार.