भिंतीवरची केबल

निवृत्तीनंतर मी इलेक्ट्रिक गाडी घेतली. आमच्या सोसायटीतली ती पहिलीच. कर्वेनगरमधली आमची इमारत जुनी, तीन मजल्यांची, बारा बिऱ्हाडांची. मी दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली.

तळमजल्यावर माझी मैत्रीण राहायची. सव्वीस वर्षांची ओळख. आम्ही दोघी एकाच महिन्यात इथे राहायला आलो. यजमान गेले तेव्हा तेरा दिवस ती माझ्या घरी झोपली. चौदाव्या दिवशी तिने माझ्या हातात डबा दिला आणि म्हणाली, “ऊठ आता. कॉलेजच्या लायब्ररीत तुझ्यावाचून कुणी पुस्तकं लावणार नाहीये.” ती मला ‘अगं’ म्हणायची, मीही तिला ‘अगं’. सव्वीस वर्षांत एकमेकींची नावं आम्हाला फारशी लागलीच नाहीत.

पण गाडी घेण्याआधी दीडेक वर्ष ती मला टाळायला लागली होती. संध्याकाळचं फिरणं बंद केलं. भिशी सोडली. फोन केला की तिचा नवरा उचलायचा. “झोपलीय.” दुपारी बारा वाजता झोपलीय, सहा वाजता झोपलीय. एकदा मी भाजणी दळून आणली म्हणून द्यायला गेले, तर भावजींनी दार हातभर उघडलं, पिशवी घेतली, “थँक्यू वहिनी” म्हणाले आणि लावून टाकलं. मी आठवून आठवून दमले, आपलं काय चुकलं असेल. मग मलाही राग आला. मीही त्यांच्या दारावरून मान वळवून जायला लागले. पुण्यात अबोल्यासाठी भांडण व्हावंच लागतं असं नाही.

गाडी बुक केल्यावर कंपनीचा माणूस चार्जरची जागा बघायला आला. मीटर इमारतीच्या पुढच्या अंगाला, माझं पार्किंग मागच्या कोपऱ्यात. त्याने टेप लावून मोजलं. घराचा लोड वाढवून घ्यावा लागेल म्हणाला, अर्थिंग नवीन करावं लागेल, आणि केबल मीटरपासून तळमजल्याच्या बाहेरच्या भिंतीवरून सरळ नेता येईल. ती भिंत मैत्रिणीच्या स्वयंपाकघराची. केबल बरोबर तिच्या खिडकीखालून जाणार होती.

सोसायटीचं ना हरकत पत्र लागणार होतं, आणि सेक्रेटरी होते भावजीच. मी अर्ज दिला. चार दिवसांनी तो परत माझ्या दाराच्या फटीतून आत आला. खाली त्यांच्या सुवाच्य अक्षरात एक ओळ: ‘सदर भिंतीवरून केबल नेता येणार नाही.’

मी खाली गेले. ते पार्किंगमध्येच भेटले.

“का नेता येणार नाही, भावजी?”

“मागच्या कंपाउंडवरून न्या. माझी काही हरकत नाही.”

“ते दुप्पट लांब पडतं. आणि मी कारण विचारतेय.”

“कारण लिहिलंय.”

“ते कारण नाही, तो हुकूम आहे.”

खिशातून किल्ली काढून त्यांनी स्वतःच्या दाराला बाहेरून लावलेलं कुलूप उघडलं आणि आत गेले. कुलूप मी बघितलं. बघूनही मला काही सुचलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

महिन्याभराने सर्वसाधारण सभा झाली. गच्चीवर, प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून. माझा विषय शेवटचा होता. बहुतेक जण माझ्या बाजूने होते, कारण उद्या त्यांनाही चार्जर लागणारच होता. भावजी एकटेच “त्या भिंतीवरून नको” एवढंच म्हणत राहिले. कुणी विचारलं, शॉर्टसर्किटची भीती वाटते का? नाही. भिंतीत ओल आहे का? नाही. मग?

तेव्हा मी उठून उभी राहिले. दीड वर्षाचं साठलेलं होतं. म्हटलं, “भिंत स्वयंपाकघराची आहे, म्हणजे हरकत घ्यायची तर वहिनीसाहेबांनी घ्यावी. त्यांना विचारूया ना. पण हल्ली तुम्ही त्यांना घराबाहेर तरी सोडता का?”

सगळे हसले. मोठ्याने हसले.

भावजी माझ्याकडे बघत म्हणाले, “नाही सोडत.”

त्यावर लोक आणखी हसले. त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं, ठराव लिहिला, खाली सही केली आणि जिना उतरून गेले. मी जिंकले होते. दोघीतिघींनी मला टाळ्या दिल्या.

पुढच्या आठवड्यात इलेक्ट्रिशियन आला. सकाळी दहाच्या सुमारास त्याने भिंतीला ड्रिल लावलं. पहिल्या भोकालाच आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग ओरडणं. बाईचं ओरडणं. भावजी धावत बाहेर आले. बनियनवर होते. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

“अर्धा तास थांबवा,” म्हणाले. “फक्त अर्धा तास. मी तिला आतल्या खोलीत नेतो.”

मी खिडकीशी गेले. आत ओट्याखाली, सिलिंडरच्या शेजारी, माझी मैत्रीण अंगाचं मुटकुळं करून बसली होती. दोन्ही कानांवर हात. केस बारीक कापलेले. गाऊन उलटा घातलेला. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी अदबीने म्हणाली, “अहो बाई, त्यांना जरा सांगता का? आमची आई झोपलीये आत.”

तिची आई जाऊन वीस वर्षं झाली होती. पण ते मला नंतर आठवलं. आधी कानावर पडलं ते ‘अहो’.

मी इलेक्ट्रिशियनला परत पाठवलं आणि आत गेले. भावजींनी अडवलं नाही. तिला निजवून ते बाहेरच्या खोलीत आले आणि मग सांगितलं. विसरण्याचा आजार. दोन वर्षं झाली. दिसेल ती वायर ओढते, बटणं खालीवर करते, दार उघडं दिसलं की रस्त्यावर जाते. केबल खिडकीतून हाताला लागली असती.

“मला सांगायचं होतंत, भावजी.”

“तिनेच शपथ घातली होती. सुरुवातीला सगळं कळत होतं ना तिला. म्हणाली, कुणाला सांगू नका, आणि वरच्या मजल्यावर तर मुळीच नाही. तिच्या लेखी तरी मला शहाणी राहू द्या.”

मी सभेतल्या बोलण्याबद्दल माफी मागितली. हात जोडले. त्यांनी उठून पंखा लावला. मग म्हणाले, “माफी कसली मागता? पण ते वाक्य मी विसरेन असं समजू नका. घरात एकाने विसरलं तेवढं पुरे.”

केबल मी मागच्या कंपाउंडवरून नेली. त्या एका भोकात सिमेंट भरून घेतलं. त्यानंतर रोज दुपारी दोन तास मी तिच्याजवळ बसायचे, म्हणजे भावजींना झोप मिळे. मटार सोलायला दिले की ती शांत बसे. कधी मी तिला शाळेतली बाई वाटायचे, कधी नणंद. ‘अगं’ मात्र एकदाही म्हणाली नाही. मी म्हणायचे, तर ती ओशाळून हसायची, अनोळखी माणसाने सलगी केल्यावर हसतात तशी.

दिवाळीनंतर त्यांच्या मुलीने दोघांना विश्रांतवाडीला आपल्या घरी नेलं. मी दर बुधवारी गाडी घेऊन तिकडे जायला लागले. पाचव्या बुधवारी भावजी मला सोडायला लिफ्टपर्यंत आले.

“वहिनी, एक सांगू? येऊ नका आता.”

“माझं काही चुकलं का?”

“नाही हो. तुम्ही गेलात की ती दाराशी उभी राहते. दोन-दोन तास. जेवत नाही. कोण गेलं ते तिला कळत नाही, पण कुणीतरी गेलं एवढं कळतं.”

मी जाणं बंद केलं. बुधवार फार लांबायचे. रविवारी फोन करायचे. ते ‘बरी आहे’ म्हणायचे, मी ‘बरं’ म्हणायचे.

एका गुरुवारी सकाळी त्यांचाच फोन आला.

“वहिनी, ती गेली. आता या.”

मी गेले. तिला जमिनीवर निजवलं होतं. डोक्याशी समई. घरात तिच्या माहेरचं, सासरचं पुष्कळ माणूस जमलं होतं, त्यातलं मला कुणीच ओळखत नव्हतं. एका बाईंनी मला बसायला सतरंजी सरकवली आणि हळूच विचारलं, “आपण कोण?”

“शेजारीण,” मी म्हटलं. “कर्वेनगरची.”

भावजी पलीकडेच भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी ते ऐकलं. माझ्याकडे पाहिलं.