अण्णांची नावडती गाडी

अण्णा कुठल्याही वस्तूला आधी नावं ठेवायचे आणि मग तिच्याकडे बघायचे. नवा पंखा असो, सोसायटीची नवी लिफ्ट असो की लग्न होऊन मुलुंडच्या घरात आलेली मी, कुणालाच सूट नव्हती. पहिल्याच आठवड्यात ते सासूबाईंना, मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले होते, "मुलगी फार मोठ्याने हसते." त्या दिवसापासून आमचं जे बिनसलं ते बिनसलंच. सासरा आणि सून म्हणून लोक एकमेकांना सांभाळून घेतात, तसं आम्ही कधी घेतलं नाही.

सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला आणि घरात व्हीलचेअर आली. ती आमच्या छोट्या गाडीत मावेना. मग माझ्या नवऱ्याने, सुहासने, एक जुनी स्टेशन वॅगन बघितली. डिझेलवर चालणारी, लांबलचक, मागच्या दारातून खुर्ची सरळ आत सरकवता येईल अशी. अण्णांनी आयुष्यात स्टिअरिंगला हात लावला नव्हता. बँकेत कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस. पण हात पाठीमागे बांधून त्यांनी गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या.

"मालगाडी आहे ही," ते म्हणाले. "आवाज पिठाच्या गिरणीचा. वळायला मैदान लागेल. आणि आपलं रोजचं जाणं कुठे? भाजी, शाळा, दवाखाना. तेवढ्यासाठी डिझेल? तुंबेल ती."

"मग आईंची खुर्ची कशात घालू?" मी विचारलं.

"खुर्ची लागणार नाही. ती स्वतःच्या पायांनी चालेल," असं म्हणून ते जिना चढून गेले. लिफ्ट चालू होती तरी.

गाडी घेतली. अण्णा तिच्यात बसले नाहीत. आम्ही आईंना फिजिओथेरपीला न्यायचो तेव्हा ते रिक्षा करून आमच्या मागून यायचे आणि दवाखान्याच्या दारात उतरून विचारायचे, "पोचलात का?" मला इतका राग यायचा की मी गाडीचं दार धाडकन लावायचे.

सोसायटीच्या फाटकातून ती गाडी एका दमात वळत नसे. मागे घ्या, पुढे घ्या, पुन्हा मागे घ्या. अशा वेळी अण्णा रस्त्याच्या मधोमध उभे राहून, हात वर करून सगळ्यांना थांबवायचे. एकदा एका रिक्षावाल्याने हॉर्न दाबून धरला. अण्णा त्याच्या अंगावर गेले. "आत पेशंट आहे, दिसत नाही? गाडी भिकार आहे, त्यात चालवणारीचा काय दोष?" आणि वळून मला म्हणाले, "चाक सरळ कर गं."

वर्षभरात गाडी खरंच तुंबली. स्टिअरिंगसमोर पिवळा दिवा लागला, गाडी जोर धरेना. मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, ही गाडी गल्लीत नाय फिरवायची. फिल्टरमध्ये काजळी धरते. हायवेला घ्या, जरा जोरात पळवा, साफ होईल." त्या दिवशी अण्णा "मी म्हणालो होतो" हे वाक्य जेवतानासुद्धा म्हणाले.

रविवारी सुहास कामासाठी बाहेरगावी होता. मी आईंना पुढच्या सीटवर बसवलं. म्हटलं, त्यांनाही हवा लागेल. बायकोला एकटीला माझ्या हाती सोपवणं अण्णांना जमेना आणि हायवेवर मागून येईल अशी रिक्षा मिळेना. शेवटी ते मागे येऊन बसले.

ठाणं मागे पडलं. घोडबंदर रोडवर तो पिवळा दिवा विझला. मी गाडी वळवायला जागा बघू लागले, तेवढ्यात आई म्हणाल्या, "पुढे." झटक्यानंतर त्यांना मोजकेच शब्द यायचे. मी आरशात अण्णांकडे बघितलं. ते म्हणाले, "ऐकलं ना? पुढे."

भाईंदर, उत्तन करत आम्ही मनोरीला पोचलो. वाळूत खुर्चीची चाकं रुतली. मग मी गाडी समुद्राकडे पाठ करून लावली, मागचं दार वर उघडलं आणि आम्ही दोघांनी आईंना उचलून डिकीच्या काठावर बसवलं. दाराची छान सावली पडली होती. अण्णा शेजारी बसले आणि सुक्या मासळीच्या वासाला नावं ठेवू लागले. आई हसल्या, अर्ध्याच तोंडाने, पण आवाज करून. अण्णा बोलायचे थांबले.

पुढच्या उन्हाळ्यात आई गेल्या. गाडीचं काय करायचं, म्हणून सुहासने विचारलं. "विका," अण्णा म्हणाले. "मला कधीच आवडली नव्हती."

गिऱ्हाईक ती घेऊन गेलं त्या संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी भाजी चिरत होते.

"ती मनोरीला हसली, ते त्या गाडीमुळे आणि तुझ्यामुळे," ते म्हणाले. "हे मी मानतो. पण गाडी भिकारच होती."

"डिझेलचं तुमचं बरोबर होतं," मी म्हणाले.

"ते मला माहीत आहे."

आमचं एकमत झालं ते तेवढ्या एकाच वेळी. दिवाळी यायच्या आत अण्णाही गेले.