बाराव्या मजल्यावरचे लॉर्डसाहेब

देवापेक्षा देवाच्या छपराची जास्त काळजी वाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. सिंगापूरच्या मरीन परेड भागातल्या कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटच्या उंच संकुलात, आम्ही अकराव्या मजल्यावर आणि ते आमच्या डोक्यावर. अस्सल विलायती लॉर्ड! वडिलांमागे किताब मिळाला आणि किताबाबरोबर तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहातली खुर्चीही. तीस वर्षं तिथे ते बोलले ते चर्चची गळकी छपरं, मनोरे आणि घंटा यांवर. सरकारं आली, गेली; साहेबांचा विषय तोच. मग कायदा बदलला आणि वारसाहक्काच्या खुर्च्या गेल्या. पत्नी आधीच गेली होती. इथल्या बँकेत असलेल्या मुलीने त्यांना सिंगापूरला आणलं खरं, पण ती स्वतः महिन्यातले वीस दिवस विमानात. साहेब वर एकटे.

भाषणाची सवय मात्र जाईना. कॉन्डोच्या सभेत पार्किंगवरच्या पत्र्याचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी कोट घालून पाऊण तास दगडी कमानीचे फायदे सांगितले. अध्यक्ष म्हणाले, "ओके अंकल, थँक यू. नेक्स्ट?" रविवारी मला सोबत घेऊन ते एखाद्या चर्चमध्ये जात. लोक डोळे मिटून प्रार्थना करत, हे मान वर करून तुळया मोजत. एकदा भर प्रार्थनेत त्यांनी काठीने खांबावर टकटक केलं. पोकळ आवाज आला. "प्लायवुड!" साहेब इतक्या दुःखाने उद्गारले, की शेजारच्या बाईंना वाटलं यांचं कुणीतरी गेलं. त्यांनी साहेबांचा हात हातात घेतला. साहेबांनी तो बराच वेळ सोडला नाही.

एका शनिवारी दुपारी ते आमच्या दारात उभे. अंगात लोकरी सूट, घामाने चिंब, हातात गावाहून आलेलं पत्र आणि भाषणाचे कागद. तरुणपणी त्यांनी स्वतःच्या जमिनीतला दगड काढून गावात एक चर्च बांधलं होतं. आता तिथे जेमतेम सहा माणसं येत, म्हणून ते बंद करून त्याचे फ्लॅट करायचं ठरलं होतं.

"याविरुद्ध मला बोलायचंय," ते म्हणाले, "आणि बोलायला सभागृह उरलेलं नाही. तुमचा हॉल मिळेल का?"

सोफ्यावर मी, बायको आणि नऊ वर्षांची सई. दगड, कमानी, मनोरा, सगळं ठणठणीत आवाजात झालं. मग बोलता बोलता ते त्या चर्चमधल्या डावीकडच्या दुसऱ्या बाकापाशी आले. तिथे त्यांची पत्नी बसायची. काचेतला निळा उजेड नेमका तिच्या हातांवर पडावा, म्हणून त्यांनी ती खिडकी दोनदा काढून पुन्हा बसवली होती. एवढं सांगून ते थांबले. पुढचा कागद हातात होता, पण वाचेनात.

"देन हाऊ, अंकल?" 'मग पुढे काय?' हे सईने इथल्या शाळेतल्या इंग्रजीत हळूच विचारलं.

"एवढंच, बाळ."

"बसा ना, आजोबा," म्हणत बायकोने खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत. त्यांच्या सभागृहात भाषणानंतर कुणीतरी उठून उत्तर देतं म्हणे. ते आमच्याकडे पाहत उभेच राहिले. रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात दिवसभर इंग्रजी झाडणारा मी. मला एकही वाक्य सुचलं नाही. शेवटी त्यांनीच मान लववली, कागदांची घडी केली आणि लिफ्टकडे गेले.

पुढच्या वर्षी मुलीची बदली झाली, तेही गेले. अजून कधी इथल्या मेट्रोत, एमआरटीत, उभा असताना मी ते उत्तर मनात जुळवतो. 'साहेब, ती खिडकी...' अशी सुरुवात चांगली होते. मग माझं स्टेशन येतं.