पन्नास आंबे

पौडच्या कचेरीसमोर अर्ज आणि दस्त लिहिणारे आम्ही पुष्कळ होतो. परंतु शिक्षण सातवीत सुटूनही दुकानात संगणक मांडणारा पहिला मीच. म्हणूनच भरे गावचे ते दोघे भाऊ माझ्याकडे आले. शेत आणि विहीर थोरल्याच्या नावावर होती. ते शेत आणि विहिरीचे निम्मे पाणी तो धाकट्याला बक्षीसपत्राने देणार होता. धाकट्याचा संसार त्या पाण्यावरच उभा राहायचा होता.

मसुदा थोरल्याच्या भाडेकरूने, हिंजवडीत नोकरी करणाऱ्या इंजिनिअरने, टाइप केला होता. तोही वर्डमध्ये नव्हे. छपाईच्या आज्ञा, तिरप्या रेघा आणि महिरपी कंस यांनी भरलेल्या फाईलमध्ये. मुद्रांक कागदावर छापण्यास मला वर्ड हवे होते. त्यानेच दिलेल्या प्रोग्रॅममधून मी ती फाईल फिरवली. रेघा गेल्या, स्वच्छ मजकूर उतरला. तो छापून मी खणखणीत आवाजात वाचू लागलो.

"सदर शेत, तसेच ५० आंब्याची झाडे..."

"थांबा," धाकटा म्हणाला. "बांधाला आंबं तीन हायेत. पन्नास कुटनं आनलं? आन् पानी कुटं हाय?"

मी पुन्हा वाचले. पाणी कुठेच नव्हते.

"पानी गिळलंस व्हय दादा? भाडेकरू तुझा, रायटर बी तुझाच!"

"आरं, मी कशाला गिळू? हितं ह्यास्नीच इचार की."

"म्हंजी मी कोरड्या रानात आंबं मोजीत बसू?"

त्याने लोखंडी स्टूल उचलले. पहिल्या घावात प्रिंटर फुटला, दुसऱ्यात थोरल्याचे कपाळ. थोरला कोसळला तरी हा त्याच्या बरगडीत लाथा घालत होता. मी धाकट्याच्या कमरेला मागून मिठी मारली. त्याच्या कोपराने माझा दात पाडला. अखेर शेजारच्या मुद्रांकविक्रेत्यांनी त्याला खाली पाडून तुडवले.

मॉनिटर शाबूत होता. तोंडातले रक्त थुंकून मी मूळ फाईल उघडली. एका ओळीत होते, 'तसेच ५०% पाणीहक्क विहिरीत व'. खालच्या ओळीत, 'आंब्याची झाडे'. त्या आज्ञांच्या भाषेत टक्क्याच्या खुणेपुढचा ओळीतला मजकूर खासगी टिपण समजून गाळला जातो. प्रोग्रॅमने पाणी गाळले आणि पन्नासचा आकडा झाडांना नेऊन चिकटवला. मी मूळ मजकूर मोठ्याने वाचून दाखवला.

जमिनीवरून धाकटा पुटपुटला, "दादा..."

थोरला भिंतीला टेकून बसला होता. कपाळावरचा टॉवेल पुरा भिजला होता.

"म्हंजी मी पानी दिलं व्हतं न्हवं?"

"दिलं होतं," मी म्हणालो. "आत्ता हाताने दुरुस्त करून देतो."

"काय बी दुरुस्त करू नका. छापलाय त्योच कागद द्या." मग तो भावाकडे वळला. "घे. पन्नास आंबं घे."

रक्त कागदावर ठिबकू नये म्हणून मान मागे टाकून त्याने सही केली.