सात जण आहोत, तिघे या

अकोल्याच्या आमच्या सिनेगॉगच्या सेक्रेटरीने मला फसवलं. तो माझ्या आत्याचा मुलगा, वयाने मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणतो. यापुढेही भाऊच म्हणणार, पण गप्प बसणार नाही.

आमचं सिनेगॉग म्हणजे एका जुन्या घराचा पुढचा हॉल. कोकणातून रेल्वेच्या नोकऱ्यांसाठी वऱ्हाडात आलेली आमची बेने इस्रायली ज्यू माणसं तिथे प्रार्थनेला जमायची. बहुतेक इस्रायलला निघून गेली. उरलो सात पुरुष. दहा पुरुष हजर नसले तर आमच्यात मेलेल्या बापासाठी मुलाने म्हणायची प्रार्थना, कद्दिश, म्हणता येत नाही. माझ्या वडिलांना जाऊन वर्ष होत आलं होतं. दफनाला मुंबईहून पाहुणे आले म्हणून तेव्हा जमलं. त्यानंतर एकदाही नाही. वर्षाच्या दिवशी तरी ती मला म्हणायची होती.

सिनेगॉगची वेबसाइट होती, पण तिच्यावर बंद दाराचा फोटो आणि शनिवारची वेळ, बस. कुलूप पाहून कोण येईल? मी वरूडच्या संत्र्यांचे सौदे करून वर आलेला माणूस. आपल्याला काय पाहिजे ते तोंडाने सांगितल्याशिवाय समोरचा हलत नाही, हे मला कळतं. मुलीला शेजारी बसवून सगळी वेबसाइट नव्याने केली. बसस्टँडवरून यायचा रस्ता, मलिद्याचा प्रसाद कधी असतो, माझा मोबाइल नंबर. आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत: "आम्ही सात जण आहोत. दहा लागतात. तिघे या."

आठवडाभरात अमरावतीहून फोन आला. रेल्वेतून निवृत्त झालेले आमच्याच समाजातले एक काका आणि त्यांचे दोन मुलगे. बरोब्बर तीन! वडिलांच्या दिवशी सकाळी पोचतो म्हणाले.

सेक्रेटरी मात्र पेटला. "लाज नाई वाटत काय तुले? सात जण म्हनून जगाले सांगून राहिला!"

"सातच आहोत ना भाऊ? का मोजता येत नाई तुमाले?"

"लोक हसतीन."

"हसत हसत आले तं चालन मले."

पासवर्ड त्याच्याकडेही होता. मला न विचारता त्याने माझं वाक्य काढलं आणि तिथे एका जुन्या समारंभाचा फोटो लावला. चाळीसेक माणसं, खाली "आमचा भरभराटीचा समाज". त्यातले निम्मे आज इस्रायलमध्ये, बरेचसे कब्रस्तानात. दुसऱ्या रांगेत माझे वडील बसले आहेत. पेटीत वर मोठी फळं रचून खाली बारीक माल भरणारे व्यापारी मी खूप पाहिलेत. त्यांच्या पेट्या रस्त्यावर उलट्याही केल्यात.

मला हे कळलं ते वडिलांच्या वर्षाच्या दिवशीच, सकाळी. आम्ही सात जण दाराकडे पाहत बसलो होतो. शेवटी मी काकांना फोन लावला.

"अहो, काल फोटो पाह्यला ना," काका म्हणाले. "हॉल भरलेला. ते 'तिघे या'बी नव्हतं. म्हनलं, जमली तुमची मानसं. पोरायच्या सुट्ट्या काहून मोडा?"

मी त्यांच्यावर ओरडलो. ते चुकलं, संध्याकाळी माफी मागितली. सेक्रेटरीवर ओरडलो ते चुकलं नाही. तो शांतपणे म्हणाला, "पुढच्या वर्षी म्हनजो."

आमच्या सातांतले दोघे काठी टेकत येतात. पुढच्या वर्षीचं मला कोणी सांगू नये.

भाऊ, येत्या शनिवारी सगळ्यांसमोर उभे राहा आणि सांगा: माझ्या बापाची कद्दिश तुम्ही कोणाच्या अब्रूसाठी बुडवली?