विरी गेलेलं पीठ

हे मी घरात कुणापाशी बोललेली नाही. नवऱ्यापाशी नाही, पोरींपाशी नाही. तुम्ही आमच्या घरातले नाही, म्हणून तुम्हाला सांगते — आणि ऐकताना हसू आलं तर खुशाल हसा, मलाही येतं. हसत हसतच तर इतकी वर्षं दडवलं.

माझी वहिनी अकोल्याची. साठ सालाच्या आसपास लग्न होऊन ती अमरावतीला आमच्या घरी आली आणि सोबत एक नवलाचा पदार्थ घेऊन आली — टार्ट. अकोल्याला तिच्या शेजारी रेल्वेतल्या गार्डची बायको राहायची, तिनं शिकवलेला. मैद्याची इवलीशी वाटी, आत संत्र्याचा घट्ट मुरंबा. भट्टी कुठली हो आमच्याकडे? शेगडीवर पातेलं, पातेल्यात वाळू, वर झाकण आणि झाकणावर निखारे. थोड्या वेळात सगळ्या आळीत घमघमाट!

बाबा शाळामास्तर, पण त्यांच्याही जिभेवर तो शब्द 'टाट' असाच बसला. टाट म्हणजे आमच्याकडे पोत्याचं तरट. शाळेतून आले की चपला काढता काढताच विचारायचे, “सूनबाई, आज टाट हाय का?” आणि घरात नुसती खसखस पिकायची.

मीही हसायचे. पण — खरं सांगू? — वहिनी यायच्या आधी बाबा दारातूनच विचारायचे, “कुमुदनं टाकली का भाकर?” माझी भाकरी म्हणजे घरातलं कौतुक होतं. पातळ, गोल, टम्म फुगलेली. वहिनी आली आणि भाकरी नुसती भाकरी झाली. कुणी टाकली, कोण विचारतो?

वहिनी खाष्ट असती तर किती बरं झालं असतं! ती अशी गोड, की मला शेजारी बसवून सगळं शिकवायची, तूप किती, पाणी किती, आणि मध्येच मुरंब्यानं भरलेलं बोट माझ्या तोंडात घालायची. अशा बाईवर कुणी रागवावं का? मी रागवले.

मग अचलपूरहून आत्या यायची ठरली. बाबांची मोठी बहीण. तिनं कुणाला नाव ठेवलं की ते जन्माला चिकटायचं, आणि नव्या सुनेच्या हातचं तिनं अजून काही खाल्लेलं नव्हतं. वहिनी आपण होऊनच म्हणाली, आत्यांसाठी टार्टच करते. मैदा चाळून तिनं परातीत काढला आणि ती आंघोळीला गेली.

आता — आता माझी करामत ऐका. फळीवर ज्वारीच्या पिठाचा एक जुना डबा होता. पीठ विरी गेलेलं. विरी म्हणजे पिठातला चिकटपणा. तो गेला की भाकरी थापताना चिरते, उचलायला जावं तर हातात तुकडे. मी म्हटलं, हे मैद्यात गेलं की टार्ट आत्याच्या हातातच फुटणार. भुगा होणार. मग आत्या आहे आणि वहिनी आहे! घातलं मुठीमुठीनं. हलवून सारखं केलं, हात पुसले आणि साळसूदपणे संत्री सोलायला बसले.

आणि टार्ट फुटला हो! अगदी मला हवा तसा — आत्याच्या बोटांत मोडला, चुरा लुगड्यावर सांडला. आत्यानं मांडीवरचा चुरा वेचला, तोंडात टाकला, डोळे मिटले.

“माय वं! दात लावाचं कामच नाही याले! कोनं केलं हे?”

घ्या! भाकरी करणारीची अक्कल माझी. भाकरीला जे वाईट, तेच टार्टला हवं असतं, हे मला कुठं ठाऊक? बाबा लहान पोरासारखे ताटलीत बोट फिरवत होते. आत्यानं अचलपूरला न्यायला डबा भरून घेतला. वहिनीनं चुलीपाशी येऊन मला घट्ट मिठी मारली, “बाई, तुमी निखारे सांभाळले म्हून झालं सारं.” मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि एकटीच हसत सुटले. इतकं हसले की पोटात दुखायला लागलं.

तुम्ही म्हणाल, पोरवय, चालायचंच. थांबा जरा.

पुढच्या खेपेला वहिनीनं नुसत्या मैद्याचे केले. सगळ्यांनी आवडीनं खाल्ले आणि बाबा म्हणाले, “त्या दिवशीसारखे नाही झाले.” मायेनंच म्हणाले. पण मग दर वेळी कुणी ना कुणी ते म्हणायचंच. वहिनीनं तूप वाढवलं, कमी केलं, कोळसा बदलला. माहेरी गेली तेव्हा गार्डच्या बायकोला विचारून आली. आणि मी तिच्या शेजारीच बसलेली. सांगायला काय झालं होतं मला? आधी भीती होती, खरं आहे. पण भीती किती दिवस पुरते? नंतर — नंतर मजा होती. ती चाखून मान हलवायची आणि मला आतून गुदगुल्या व्हायच्या. अस्सं! शोध आता.

मग माझं लग्न झालं, तेही अकोल्यातच. सासरी मी ज्वारीचं पीठ घालून टार्ट केले आणि काय वाहवा झाली म्हणता! बारसं असो, सण असो, 'कुमुदचे टार्ट' पाहिजेतच. फार सुखाचे दिवस होते ते, खोटं कशाला बोलू?

अशात वहिनी माहेरपणाला अकोल्याला आली. मी तिला मुद्दाम घरी बोलावलं आणि ताटली तिच्यापुढे ठेवली. कशाला ठेवली? तिनं पाहावं म्हणून. तिनं एक घास खाल्ला आणि तिचे डोळे असे चमकले! जरासुद्धा जळली नाही बाई.

“हेच! बाई, हेच ते त्या दिवशीचे! मले शिकवा नं.”

जिनं मला शिकवलं ती पदर खोचून माझ्यापुढे बसली. आणि मी शिकवलं. नुसत्या मैद्याचे. तिनं मला दाखवलेलंच सगळं, जसंच्या तसं, तिलाच परत. ती मन लावून बघत होती, मध्येमध्ये विचारतही होती. मैदा तिनंच मळला. टार्ट निघाले — चांगले निघाले, पण ते नव्हेत. तिनं चाखलं, आपल्या तळहातांकडे पाहिलं आणि हसली.

“पाहा नं बाई, कृती तुमची, पण हात माहा लागला. माह्या हातातच नाही ते.”

ज्वारी — एवढा एक शब्द बोलायचा होता. मी म्हणाले, “असंन, वैनी.”